जबड्याचं ऑपरेशन आणि घरातले प्रश्न

(तरुणांच्या निवासी शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



शिबिराच्या पत्रिकेत सकाळी संविधान, दुपारी शिष्यवृत्त्या आणि संध्याकाळी ‘जबड्याची शस्त्रक्रिया’ असं छापलेलं बघून तुमच्यातले काही जण हसले, ते मी ऐकलं. हसा, हरकत नाही. पण मागच्या शिबिरात चार मुली आणि एक मुलगा, असे पाच जण वेगवेगळे येऊन मला हाच विषय कुजबुजत विचारून गेले. एक जण तर जिन्याखाली घेऊन गेली. तेव्हा संयोजकांना मीच म्हटलं की यावर माईकवर बोलू या.

माझं ऑपरेशन 2019 साली झालं. तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते आणि पुण्यात एका ऑफिसात हिशेबाचं काम करत होते. माझा खालचा जबडा पुढे होता आणि वरचा मागे राहिलेला. तोंड मिटलं की फक्त मागच्या दोन-दोन दाढा एकमेकींना भेटायच्या, पुढच्या दातांमध्ये फट राहायची. म्हणजे भज्याचा तुकडा दातांनी तुटायचा नाही. शेवया तोंडात घेतल्या की तोडायच्या कशा हा प्रश्न. दावतीत मी तंदुरी रोटीचे बारीक तुकडे करत बसायचे आणि लोकांना वाटायचं, किती नाजूक खाते ही! लहानपणी कुरआन शिकवणाऱ्या उस्तानी मला ‘सीन’ आणि ‘साद’ पुन्हापुन्हा म्हणायला लावायच्या. त्यांना वाटायचं मी लक्ष देत नाही. जीभ टेकायला पुढे जागाच नव्हती, हे कुणाला ठाऊक असणार?

तर आधी हे ऑपरेशन असतं काय ते सांगते. दात वाकडे असतील तर तारा बसवून सरळ होतात. पण हाडच जागेवर नसेल, म्हणजे खालचा जबडा पुढे गेलाय किंवा मागे राहिलाय, वरचा इतका खाली वाढलाय की हसताना सगळ्या हिरड्या दिसतात, किंवा चेहरा एका बाजूला झुकलाय, आणि वाढीचं वय उलटून गेलंय, तर नुसत्या तारा पुरत नाहीत. मग हाड कापून, हव्या त्या जागी सरकवून, टायटॅनियमच्या छोट्या पट्ट्या आणि स्क्रूंनी तिथे बसवतात. याला ऑर्थोग्नॅथिक सर्जरी म्हणतात. 1901 साली रने ल फोर नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी मृतदेहांच्या कवट्यांवर अभ्यास केला की मार लागल्यावर चेहऱ्याची हाडं कोणत्या रेषांवर तुटतात. त्यातली सगळ्यात खालची रेषा धरून आज सर्जन वरचा जबडा सोडवतात, आणि तिला अजूनही ‘ल फोर वन’च म्हणतात. खालचा जबडा दोन्ही बाजूंनी उभा चिरून सरकवण्याची पद्धत ह्यूगो ओब्वेगेसर यांनी 1950 च्या दशकात बसवली. म्हणजे हे काही कालपरवाचं फॅड नाही. चिरा तोंडाच्या आतून देतात, त्यामुळे बाहेर व्रण दिसत नाही.

जबडा मागे असणाऱ्यांचं दुखणं आणखी वेगळं असतं. त्यांच्या घशामागची हवेची वाट अरुंद असू शकते. काही जण रात्री मोठ्याने घोरतात, झोपेत श्वास अडकतो, दिवसा डोळे मिटतात. अशा काहींवर दोन्ही जबडे पुढे आणण्याचं ऑपरेशन श्वासासाठीच करतात. मुलांनो, तुमच्यातल्या काहींची हनुवटी दाढीत लपते आणि मुलींची दुपट्ट्यात. लपवायचं की दाखवायचं हा तुमचा प्रश्न, पण झोपेत श्वास अडकत असेल तर डॉक्टरांकडे जा.

आता घरातल्या प्रश्नांकडे येते, कारण जिन्याखाली जे विचारलं गेलं ते हाडांबद्दल नव्हतंच.

आमच्या घरात दोन पक्ष पडले. नानी म्हणाली, “खुदा के बनाए में हात कायकू लगाते?” फुफी म्हणाली, “करून टाका, रिश्ता तरी येईल.” नानीचा प्रश्न मी मनावर घेतला, कारण तो प्रामाणिक होता. मी मुफ्ती नाही. पण वाचलं, दोन आलिमांना विचारलं. सूरह निसामध्ये अल्लाहची निर्मिती बदलण्याबद्दल जे आलंय ते सगळ्यांना माहीत आहे. बुखारी आणि मुस्लिममध्ये इब्न मसऊद यांच्याकडून आलेल्या हदीसमध्ये तर थेट दातांचा उल्लेख आहे. सौंदर्यासाठी दातांत फटी करून घेणाऱ्या बायकांवर त्यात सक्त नापसंती आहे. लोक इथपर्यंत वाचतात आणि पुस्तक मिटतात. पण त्यात ‘सौंदर्यासाठी’ हा शब्द आहे, आणि बहुतेक आलिम तोच शब्द धरून फरक करतात. एक गोष्ट हौसेची, दुसरी त्रास किंवा व्यंग दूर करण्याची.

दुसरी रिवायत अबू दाऊद आणि तिरमिजीमध्ये आहे. अरफजा बिन असअद या सहाबींचं नाक इस्लामपूर्व काळात कुलाबच्या लढाईत कापलं गेलं होतं. त्यांनी चांदीचं नाक बसवलं, त्याला दुर्गंधी यायला लागली. तेव्हा पैगंबरांनी त्यांना सोन्याचं नाक बसवायला सांगितलं. पुरुषाला सोनं वर्ज्य, हे आपल्याला लहानपणापासून सांगतात, आणि इथे चेहऱ्याच्या दुरुस्तीसाठी ती बंदी बाजूला ठेवली आहे. नानीला ही रिवायत मी ऐकवली तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, “तो तेरे में सोना डालते क्या?” मी म्हटलं, टायटॅनियम. ते सोन्याइतकं महाग नसतं म्हटल्यावर तिला बरं वाटलं. आणि ज्यांना फतव्याच्या भाषेतच उत्तर हवं असेल त्यांच्यासाठी, 2007 साली मलेशियात पुत्रजाया इथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने यावर ठराव केला. जन्मजात किंवा नंतर आलेलं व्यंग दुरुस्त करणं, अवयवाचं काम परत आणणं याला त्यात परवानगी आहे. नुसत्या हौसेसाठी रूप बदलण्याला नाही.

यावर माझं स्वतःचंही एक म्हणणं आहे, ते पटलं नाही तर भांडा. आपल्याकडे भाऊ केस लावून आला तर ‘अल्लाहची निर्मिती’ कुणाला आठवत नाही. अब्बांना चष्मा लागला, चाचांचं हार्निया झालं, तेव्हाही नाही. मुलीच्या चेहऱ्यापाशी आल्यावर मात्र आठवते.

पण फुफीचा पक्ष मला नानीच्या पक्षापेक्षा जास्त घातक वाटतो. नानी निदान अल्लाहला घाबरत होती. फुफी बायोडेटा घेऊन फिरणाऱ्या बायकांना घाबरत होती. पहिल्यांदा ज्या दवाखान्यात गेलो, तिथल्या डॉक्टरांनीही माझ्याकडे न बघता अम्मीला सांगितलं, “शादी से पहले करा लो, चेहरा बन जाएगा.” मला चावता येतं का, हे त्यांनी विचारलंच नाही. आम्ही तिथे परत गेलो नाही. दुसरीकडे ज्या डॉक्टर भेटल्या त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “तुला काय त्रास होतो?” पंचवीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी बोलायला लागले ती वीस मिनिटं बोलत राहिले.

मागच्या शिबिरातल्या त्या चार मुलींपैकी एक सोळा वर्षांची होती. तिच्यासाठी स्थळ आलंय, आणि मुलाकडच्यांनी अट घातली आहे की आधी जबडा नीट करून घ्या. घरचे सोनं मोडायला निघालेत. लग्नाचा विषय आधी. सोळाव्या वर्षी लग्न बेकायदा आहे. तिला मी ते सांगितलं, आणि संयोजक ताईंकडे घेऊन गेले. पण वैद्यकीय बाजूही ऐका, कारण घरात कधीकधी कायद्यापेक्षा डॉक्टरचं जास्त चालतं. खालचा जबडा शेवटपर्यंत वाढत राहतो. मुलींमध्ये साधारण सोळा-सतरापर्यंत, मुलांमध्ये अठरा ते एकवीसपर्यंत, आणि काहींमध्ये त्यापुढेही. वाढ संपायच्या आत कापलं तर जबडा पुन्हा पुढे येऊ शकतो आणि सगळं पुन्हा करावं लागतं. म्हणून चांगले डॉक्टर काही महिन्यांच्या अंतराने बाजूचे एक्स-रे काढून तुलना करतात, वाढ थांबल्याची खात्री करतात, मगच तारीख देतात. ‘सोळाव्या वर्षी लगेच करू’ असं कुणी म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरांकडे कागद घेऊन जा.

आणि सही कुणाची? अठरा पूर्ण झाली असतील तर तुमची. अब्बांची नाही, शौहरची नाही, सासूची तर नाहीच. 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात स्पष्ट केलं की सज्ञान आणि स्वतः निर्णय घेऊ शकणाऱ्या रुग्णाच्या जागी दुसऱ्याची संमती चालत नाही. त्या खटल्यात रुग्ण भूल दिलेल्या अवस्थेत होती आणि डॉक्टरांनी तिच्या आईची संमती घेऊन जास्तीचं ऑपरेशन केलं होतं. जीव तातडीने धोक्यात असेल तर गोष्ट वेगळी, पण जबड्याचं ऑपरेशन तातडीचं नसतं. संमतीपत्र घरी घेऊन जा, वाचा, मराठीत किंवा उर्दूत समजावून मागा. त्यात काय काय बिघडू शकतं ते लिहिलेलं असतं. ओठ-हनुवटीची संवेदना जाणं, जंतुसंसर्ग, हाड थोडं मागे सरकणं, क्वचित पुन्हा ऑपरेशन. मी सहीआधी तिथे पेन्सिलने अकरा प्रश्न लिहिले होते.

तयारी म्हणाल तर ती ऑपरेशनपेक्षा लांब असते. मला आधी दीड वर्ष तारा होत्या. आणि इथे एक गोष्ट कुणी सांगत नाही, म्हणून नातेवाईक डॉक्टरांना शिव्या घालतात. या तारांनी चेहरा आधी बिघडतो. जबडा चुकीच्या जागी असतो म्हणून दात वर्षानुवर्षं कलून ती चूक झाकत असतात. ऑर्थोडॉन्टिस्ट ते दात हाडाप्रमाणे सरळ करतात, आणि मग जबड्यातला खरा फरक उघडा पडतो. माझा खालचा जबडा आणखी पुढे दिसायला लागला. फुफी म्हणाली, पैसे देऊन बिघडवून घेतलं. ते वर्ष अवघड गेलं. त्या वर्षात दोन चुलत बहिणींची लग्नं झाली आणि सगळे अल्बम तसेच आहेत. (तारांच्या आधी ऑपरेशन करण्याचीही एक पद्धत आहे, पण ती सगळ्यांना चालत नाही.) अक्कलदाढा ऑपरेशनच्या जागी येत असतील तर त्या साधारण सहा महिने आधी काढतात. माझ्या दोन काढल्या.

रक्त तपासलं तर माझं हिमोग्लोबिन 9.8. डॉक्टर म्हणाल्या, आधी हे वर आण. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना ॲनिमिया आढळला, तेव्हा इथे बसलेल्या मुलींनी घरी गेल्यावर एकदा तपासून घ्याच, जबडा ठीक असला तरी. मी तीन महिने लोहाच्या गोळ्या घेतल्या, चहा जेवणाला लागून घेणं बंद केलं.

आणि मुलांनो, गुटखा. महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे आणि टपरीवर मिळतो, हे तुम्हालाही माहीत आहे. मावा, खर्रा, सुपारी यांनी गाल आतून ताठ होतात, तोंड उघडेनासं होतं. मग भूल देणाऱ्या डॉक्टरांना नळी घालणंही कठीण, ऑपरेशन तर दूरच. सिगारेटने हाड जुळायला वेळ लागतो. त्या दिवशी जो मुलगा माझ्याकडे आला होता त्याचा जबडा जन्मापासून बरा होता. त्याचं तोंड मावा खाऊन दोन बोटांवर आलं होतं. त्याचा इलाज वेगळा आहे आणि तो आधी करायचा आहे.

तोंड न उघडण्याचं आणखी एक कारण लहान भावंडांसाठी सांगून ठेवते. मूल झोक्यावरून, जिन्यावरून हनुवटीवर पडतं, हनुवटीला दोन टाके पडतात आणि घरचे विसरतात. पण मार कानापुढच्या सांध्याला लागलेला असतो. काही वर्षांत सांधा हाडाने जुळून जातो, तोंड उघडत नाही आणि जबडा वाढायचा राहतो. मूल हनुवटीवर पडलं तर टाक्यांबरोबर जबड्याचा एक्स-रेही मागा आणि तोंड पूर्ण उघडतंय का, यावर पुढचे काही महिने लक्ष ठेवा.

पैशांबद्दल. खासगी रुग्णालयात हा खर्च मोठा असतो आणि तो तुकड्यातुकड्यांनी कळतो. तारांचा वेगळा, सर्जनचा वेगळा, भुलीचा, खोलीचा आणि पट्ट्या-स्क्रूंचा वेगळा. हे सगळे आकडे एकाच कागदावर लिहून मागा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे सरकारी दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे. तिथे खर्च पुष्कळ कमी येतो, फेऱ्या मात्र जास्त होतात. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. ऑपरेशनचं लेखी नाव दाखवून ते योजनेत बसतं का ते त्यांना विचारा. आणि मोहल्ल्यातल्या बैतुलमालवाल्यांना एक सांगणं आहे. डायलिसिसला तुम्ही मदत करता, अल्लाह त्याचं चांगलं फळ देवो. पण एखाद्या गरजू पोराला चावता येत नसेल, श्वास अडकत असेल, तर तेही आजारपणच आहे.

विम्याची गंमत ऐका. माझ्या ऑफिसचा विमा होता. कंपनीने दावा नाकारला, कारण लिहिलं ‘सौंदर्य शस्त्रक्रिया’. नानीचा आणि विमा कंपनीचा मुद्दा एकच निघाला! पण विमा नियामकाने ठरवून दिलेल्या त्या कलमात अपवाद आहे. आरोग्याला थेट आणि तात्काळ असलेला धोका दूर करण्यासाठी वैद्यकीयदृष्ट्या गरजेचा उपचार असेल आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तसं प्रमाणित केलं असेल, तर ते कलम लागू होत नाही. माझ्या सर्जननी चावण्याची अडचण, सांध्याचं दुखणं, एक्स-रेवरची मापं असं दोन पानी पत्र दिलं. मी कंपनीच्या तक्रार कक्षाला लिहिलं, दोन महिने फोन केले. ऑपरेशनचे आणि रुग्णालयाचे पैसे आले, तारांचे आले नाहीत. तक्रार कक्षाने ऐकलं नसतं तर पुढे विमा लोकपाल आहेत, पुण्यातही त्यांचं कार्यालय आहे. ते पत्र ऑपरेशनच्या आधी मागा.

आणखी एक, हिजाब घालणाऱ्या मुलींसाठी. मोजमापांसाठी चेहऱ्याचे फोटो काढतात, स्कॅनच्या वेळी पिना काढाव्या लागतात. फोटो बाईने काढावेत, ते कुठे वापरले जातील ते लेखी सांगावं, असं मी मागितलं. कुणी तोंड वाकडं केलं नाही. आणि हाडाची भर किंवा पडदा वापरणार असाल तर तो कशापासून बनलाय, हेही विचारता येतं, कारण काही पडदे डुकराच्या कोलाजेनचे असतात. माझ्या बाबतीत ते लागलंच नाही.

ऑपरेशनला पाच तास लागले. वरचा जबडा चार मिलिमीटर पुढे, खालचा पाच मिलिमीटर मागे. इतकंच. पट्टीवर हे बोटाच्या पेराएवढंही नाही, आणि त्यासाठी दोन वर्षं.

शुद्धीवर आले तेव्हा नाक बंद, तोंड रबरांनी बांधलेलं, गिळलेल्या रक्ताने मळमळ. सगळ्यात मोठी भीती श्वासाची असते. हवा येत असते, पण येत नाही असं वाटतं. नर्सने हात धरून सांगितलं, “ओठांच्या कडेने घे, हळू घे,” आणि ते जमलं. रात्री बसून झोपायचं, तीन उशा लावून. पहिले दोन दिवस बर्फ. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त चढते, म्हणजे पाहुणे बघायला येतात नेमकी तेव्हा. अम्मीने दारावर उभं राहून सगळ्यांना परत पाठवलं. तिने माझ्यासाठी केलेलं ते सगळ्यात मोठं काम. बहुतेक सूज दोन-तीन आठवड्यांत उतरते, उरलेली पुढचे सहा महिने ते वर्षभर हळूहळू जाते.

आमच्या घरात तोवर मिक्सर फक्त बायकाच लावायच्या. त्या महिन्यात अब्बा आणि धाकटा भाऊ शिकले, कारण अम्मी माझ्याबरोबर असायची. अब्बांनी यखनी करायला घेतली. मटणाची हाडं, आलं, लसूण, काळी मिरी, मग चहाच्या गाळणीतून दोनदा गाळायची. एक तंतूसुद्धा सिरिंजमध्ये अडकतो. मूगडाळीचं पाणी, नाचणीची पेज, दूध-खजूर, सगळं गाळून, कोमट. गरम नको, कारण ओठ बधिर असतो आणि भाजलं तरी कळत नाही. पहिले दोन आठवडे पातळ, मग सहाव्या आठवड्यापर्यंत न चावता गिळता येईल असं मऊ. माझं सहा किलो वजन उतरलं. स्ट्रॉने ओढायचं नाही, नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून. लहान मुलांचा ब्रश, मिठाचं पाणी, ओठांना व्हॅसलीन. आणि बोलता येत नाही, तेव्हा एक पाटी. माझ्या पाटीवर सगळ्यात जास्त वेळा लिहिलं गेलेलं वाक्य होतं, ‘टीव्हीचा आवाज कमी करा’.

वुजूबद्दल मला सगळ्यांनी विचारलं, म्हणून सांगते. नाकात पाणी ओढणं काही आठवडे बंद होतं आणि जोरात चूळ भरणंही. वुजूमध्ये ते सुन्नत आहे, तेव्हा अडत नाही. गुस्लच्या बाबतीत आम्ही हनफी, तिथे ते फर्ज, कोकणातल्या शाफई मैत्रिणींकडे तिथेही सुन्नत. मी आलिमांना विचारलं, ते म्हणाले, इजा होत असेल तर सवलत आहे, स्वतःला त्रास देऊ नकोस. वाकलं की चेहऱ्यात रक्त चढतं, म्हणून पहिले दोन आठवडे खुर्चीवर बसून इशाऱ्याने नमाज.

ऑपरेशन शाबानमध्ये झालं आणि दहा दिवसांत रमजान लागला. दर दोन तासांनी सिरिंजने पोट भरायचं असताना रोजा शक्यच नव्हता, आणि आजाऱ्याला नंतर पूर्ण करण्याची मुभा सूरह बकरामध्येच आहे. तरी शेजारची एक जण रोज इफ्तारच्या वेळी यायची आणि माझ्या हातातल्या पेल्याकडे बघायची. एकदा पाटीवर लिहिलं, ‘खाला, कजा ठेवणार आहे, डिसेंबरमध्ये.’ आणि खरंच डिसेंबरमध्ये धरले, दिवस लहान असतात. ईदला सहावा आठवडा चालू होता. भावाने शीरखुर्म्यातला सुकामेवा वेगळा वाटला, शेवया पार मऊ शिजवल्या. पुढच्या दातांनी चावायची परवानगी नव्हती, पण शेवया जिभेने वरच्या दातांना लागल्या तेव्हा खालचे दात तिथेच होते, फट नव्हती.

तिसऱ्या आठवड्याबद्दल वेगळं बोलायला हवं. तेव्हा दुखणं कमी झालेलं असतं, येणारेजाणारे थांबलेले असतात आणि आरशात एक अनोळखी बाई असते. मी दोन दिवस नुसती रडले. मला माझा जुना चेहरा हवा होता, तोच, ज्याला शाळेत नावं ठेवली गेली. त्याच आठवड्यात अम्मीच्या तोंडून निघून गेलं, “तू आता माझ्यासारखी दिसत नाहीस.” तिचा जबडाही तसाच आहे. यावर आम्ही दोघी अजून नीट बोललेलो नाही. डॉक्टरांनी मला आधी सांगून ठेवलं होतं की हे दिवस येतात आणि बहुतेकांचे जातात. सांगितलं होतं म्हणून मी फोन केला. दोन-तीन आठवड्यांनीही मन वर आलं नाही तर मानसोपचाराच्या डॉक्टरांना भेटायचं, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

सहाव्या आठवड्यानंतर तोंड उघडण्याचा व्यायाम. आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या, दर दोन-तीन दिवसांनी एक वाढवायची. अडीच महिन्यांनी पहिली चपाती. सात महिन्यांनी तारा निघाल्या, रात्रीचा रिटेनर अजून लावते. खालच्या ओठाच्या उजव्या बाजूला रुपयाएवढी जागा अजून बधिर आहे. तिथे चहाचा थेंब राहिला तर मला कळत नाही, समोरच्याला कळतो. हे बहुतेकांचं महिन्यांत भरून येतं, काहींचं थोडं राहतं. माझं राहिलं.

लोक विचारतात, रिश्ता आला का? आले, तीन. एकाने फोटो बघून विचारलं, “ऑपरेशन तो नहीं हुआ ना?” आधी ऑपरेशन करा म्हणणारे, नंतर झालंय का म्हणणारे. मी त्यांना एक्स-रे पाठवला. त्यात चारही पट्ट्या आणि सगळे स्क्रू मोजता येतात. उत्तर आलं नाही.

तो एक्स-रे आज आणलाय. मागच्या टेबलावर ऑपरेशनआधीचा आणि नंतरचा असे दोन्ही ठेवलेत, सिरिंज आहे, ती पाटी आहे, विमा कंपनीला लिहिलेल्या पत्राची प्रतही आहे, नावं खोडून. हवी त्यांनी फोटो काढून घ्या. जिन्याखाली भेटायचं असेल त्यांनी जेवणानंतर यावं. मी नऊपर्यंत आहे.